खोली रिकामी करणारा कर्णा

मित्रांनो, घरात कुणी झोपले असेल तर हलकेच त्याच्यापाशी जा आणि पाठीला कान लावा. दुसऱ्या कानावर हात ठेवा. सुरुवातीला काहीच ऐकू येणार नाही. घाई करू नका. थोड्या वेळाने आतून धप धप असा आवाज येऊ लागेल. आता अशी कल्पना करा की ती पाठ नाही, एका आईचे पोट आहे. आत एक बाळ आहे. त्याचे हृदय बोरापेक्षा फार मोठे नाही आणि ते सारखे पळते आहे. तो आवाज तुम्हाला ऐकायचा आहे, पण नुसत्या कानाला तो सापडत नाही. तिथे मी लागतो.

मी एक जुना कर्णा आहे. मैदानात खांबावर बसून ओरडतो, तो मी नव्हे. मी लाकडाचा आहे आणि जेमतेम वीतभर लांब आहे. माझे एक तोंड फुलासारखे पसरलेले आहे, ते आईच्या पोटावर टेकते. दुसरे टोक बशीसारखे चपटे आहे, त्यावर नर्सबाईंचा कान टेकतो. मधून आरपार भोक आहे. मला ओरडता येत नाही. मला ऐकता येते.

मला एका कातारी काकांनी घडवले. कातारी म्हणजे लाकूड यंत्रावर गरगरा फिरवून त्याला पटाशीने आकार देणारा माणूस. काका आयुष्यभर खुर्च्यांचे पाय करत आले होते. नर्सबाई तेव्हा नुकत्याच शिकून आल्या होत्या आणि त्यांना स्वतःचा कर्णा हवा होता.

"भोक अगदी सरळ हवं हं, काका," त्या म्हणाल्या. "जरा जरी तिरकं गेलं, तर बाळ एकीकडे आणि मी दुसरीकडे."

"खुर्चीचा पाय कधी तिरका गेला नाही माझ्या हातून, तुमचं भोक कसं जाईल?" काका म्हणाले. पण त्यांनी मला घासले मात्र खुर्चीच्या पायापेक्षा कितीतरी जास्त. पोटाच्या नाजूक कातडीवर टेकायचा तो, त्याला एकही कुसळ राहता कामा नये म्हणून ते मला स्वतःच्या गालावरून फिरवून बघत. त्यांच्या दाढीचा खरखरीतपणा मला अजून आठवतो.

मग माझी नोकरी सुरू झाली. नर्सबाई प्रसूतिगृहात काम करायच्या आणि आठवड्यातले काही दिवस घरोघरी गरोदर बायकांना तपासायला जायच्या. मी त्यांच्या पिशवीत सगळ्यात वर असायचो. आम्ही दारात दिसलो की लोक म्हणायचे, "आली बाईंची पुंगी!" एका आजोबांनी तर मला उलटा धरून फुंकून पाहिले होते. एका होणाऱ्या बापाने ऐकायचा हट्ट धरला. त्याने कान लावला, डोळे मोठे केले आणि म्हणाला, "आत कुणीतरी धावत येतंय!" आणि तिथेच फतकल मारून रडत बसला.

माझा एक नियम होता. मला शांतता लागायची. खोलीत कुणी पाय घासला, कुजबुजले, खुर्ची सरकवली, तरी बाळाचा आवाज बुडून जायचा. म्हणून बाई मला पिशवीतून काढत आणि सांगत, "कर्णा लावतेय. चला, सगळे बाहेर." सासू, नवरा, नणंद, शेजारीण सगळे बाहेर जायचे आणि दार लागायचे.

त्या रिकाम्या खोलीत मला एक वेगळीच गोष्ट कळली. माझ्यावर कान टेकला की बाईंचे तोंड आईच्या पायांकडे वळायचे. आईला दिसायचा तो फक्त त्यांचा अंबाडा. आणि माणसाला डोळ्यांत बघून जे सांगता येत नाही, ते अंबाड्याला सांगता येते. "बाई, मला भीती वाटते हो." "बाई, मला पोटभर जेवायला देत नाहीत." "बाई, हे मूल मला आत्ता नको होतं." असे हळूच, छताकडे बघत त्या बोलायच्या. बाई मान न वळवता ऐकायच्या. मी बाळाचे ऐकायचो, त्या आईचे.

पुढे मशीन आले. हातात मावणारी एक डबी होती ती. पोटावर ठेवली की ठोके साऱ्या खोलीत घुमायचे. मशीन वाईट नव्हते हो. चांगलेच होते. ठोक्यांचा आकडाही दाखवायचे. आता कुणाला बाहेर जायची गरज उरली नाही. सगळे घर पलंगाभोवती उभे राहून ऐकायचे, हसायचे, टाळ्या वाजवायचे. बाईंचे कौतुक व्हायचे, मशीनचे त्याहून जास्त व्हायचे. मी पिशवीच्या तळाशी गेलो, हातमोज्यांच्या खोक्याखाली. वर्षे गेली. माझ्या भोकात धूळ बसली. बाईंचे केस पांढरे झाले. खोल्या आता रिकाम्या होत नव्हत्या, आणि त्या अंबाड्याला कुणी काही सांगत नव्हते. हे सगळ्यांच्या उशिरा लक्षात आले.

मग आम्ही आरसेवाल्याच्या घरी गेलो.

त्याचे आरशांचे दुकान होते. पुढे दुकान आणि मागे राहायच्या खोल्या. बाहेरच्या माणसाला घरात जायचे तर दुकानातूनच जावे लागे. भिंतींवर खालपासून वरपर्यंत आरसे होते. आत पाऊल टाकले की तो एकाच जागी बसलेला असायचा, पण सगळ्या भिंतींवरून तुमच्याकडे बघायचा. बोलायला फार गोड माणूस होता. गल्लीत कुणी त्याच्याविषयी वावगा शब्द काढत नसे. त्याची बायको मागच्या खोलीत काचेच्या कडा घासायची. ती कड इतकी सुबक व्हायची की गिऱ्हाईक खूश होऊन आरसेवाल्याची पाठ थोपटायचे.

त्यांना एक लहान मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणायचे. पूर्वी ती सारखी गोल गोल फिरायची म्हणून ते नाव पडले होते. मी तिला कधी फिरताना पाहिले नाही. ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची.

बाईंनी मशीन पोटावर ठेवले. ठोके घुमू लागले. आरसेवाला पलंगाच्या कडेलाच उभा होता.

"जेवण जातंय का नीट?" बाईंनी आईला विचारले.

"जातंय की," आरसेवाला म्हणाला.

"झोप लागते?"

"मस्त लागते."

"आणि हाताला काय झालं?" आईने लांब बाही खाली ओढून घेतली होती.

"काचेचं काम आहे, बाई. लागतं कधीमधी. वेंधळी आहे जरा." तो हसला. आईही हसली, पण आधी त्याच्याकडे बघून.

बाईंनी दोन्ही हातांनी पोट चाचपले. "बाळ उलटं आहे. डोकं वर, बूड खाली. आता वळेल असं दिसत नाही. बाळंतपणाला प्रसूतिगृहातच आणा. कळा सुरू झाल्या की लगेच. असं बाळ घरी अडकलं तर कुणाला काही करता येत नाही."

"बघू. माझ्या आईची सगळी बाळंतपणं घरातच झाली."

"त्यातली मुलं किती जगली?" बाईंनी विचारले.

"तिथे दहा लोक बघणार, दहा प्रश्न विचारणार," एवढेच तो म्हणाला. "आमच्या घरात असलं चालत नाही." हेसुद्धा गोड आवाजातच म्हणाला. पिशवीच्या तळाशी माझ्या लाकडाला गारठा जाणवला.

त्या संध्याकाळी बाईंनी मला बाहेर काढले. माझ्यातली धूळ फुंकून उडवली आणि तेलाचा हात फिरवला. पुढच्या खेपेला त्यांनी मशीनला हातच लावला नाही.

"आज याने ऐकते. बाळ नेमकं कुठे बसलंय, ते मला कानाने जास्त कळतं. पण याला खोली रिकामी लागते हं."

"हे काय नवीन?" आरसेवाला म्हणाला.

"नवीन कुठलं? तुम्ही पोटात होतात तेव्हा तुमचेही ठोके असल्याच कर्ण्याने कुणीतरी ऐकले असतील."

तो ओठांनी हसला. "बरं. मी दुकानात बसतो. भिंगरी थांबेल आत. तिचा काही आवाज होत नाही. श्वाससुद्धा हळू घेते. हो ना गं?"

भिंगरीने मान हलवली. ती आत का थांबली होती ते बाईंना कळले. मलाही कळले.

दार लागले. पलीकडे काच कापण्याचा आवाज सुरू झाला, चर्र, चर्र. मी आईच्या पोटावर टेकलो. बेंबीच्या वरच्या बाजूला बाळ पळत होते. त्याच्या खाली मला आईची नाडी ऐकू आली. एरवी आईची नाडी सावकाश चालते आणि बाळाची पळते. इथे दोघेही पळत होते.

बाईंचे तोंड पायांकडे होते. त्या पुटपुटल्यासारख्या म्हणाल्या, "बोलू नकोस. माझा हात धर. हो असेल तर दाब. तो मारतो का?"

पलीकडची चर्र थांबली. खोलीत कुणी हलले नाही. मग पुन्हा चर्र सुरू झाली.

आईने हात दाबला. मग ती अगदी हळू म्हणाली, "बाई, हिच्यासमोर नको."

"तिला ठाऊक नाही असं वाटतं तुला?"

आईने भिंगरीकडे पाहिले. भिंगरीने जमिनीकडे पाहिले. मग बाईंनी तिला जवळ बोलावून बेंबीच्या वर ठोके कसे ऐकायचे ते शिकवले आणि आईला हळूच सांगितले, "प्रसूतिगृहात ये. परत जायचं की नाही, ते तुझं तू ठरवायचं."

निघताना बाई दुकानात थांबल्या. "मला रोज यायला जमत नाही. बाळ उलटं आहे, लक्ष ठेवायला हवं. तुमच्या मुलीचे कान चांगले दिसतात. मी तिला शिकवलंय. रोज एकदा दार लावून ठोके ऐकेल. हळू झाले तर मात्र लगेच घेऊन यायचं. कर्णा इथेच ठेवते."

"कान चांगले आहेत, हे खरं," आरसेवाला खूश होऊन म्हणाला. "माझीच मुलगी. रोज मला सांगेल ती."

तसा मी त्या घरात राहिलो. मागच्या खोलीत, काच घासायच्या भुकटीशेजारी माझी जागा होती. मित्रांनो, तोवर मी कितीतरी घरे पाहिली होती, पण पाहुण्यासारखी. घर आतून कसे असते ते मला इथे कळले.

रोज दुपारी भिंगरी दार लावायची. मला पोटावर टेकवायची आणि कान लावायची. तेवढा वेळ त्या खोलीवर कुणाची नजर नसे. आई तिच्या केसांतून हात फिरवायची. सुरुवातीला दोघी गप्पच असायच्या. मग एकदा आई म्हणाली, "मी लहान होते ना, तेव्हा मला पोहता येत होतं." भिंगरीला हसू आले. तिला खरेच वाटेना. अशा छोट्या छोट्या गोष्टी निघू लागल्या.

पण रोज संध्याकाळ यायची. दुकान बंद झाले की आरसेवाला खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, "सांग." भिंगरीने सकाळपासून सांगायचे. आईने काय केले, ती कुठे उभी राहिली, कुणाशी बोलली, हसली का, किती वेळ हसली. काही गाळायचे नाही. "खोटं बोललीस तर मला कळेल," तो म्हणायचा. "खोटं बोलणाऱ्याचं तोंड आरशात वेगळं दिसतं. माझ्याकडे किती आरसे आहेत, माहीत आहे ना?" भिंगरीला ते खरे वाटायचे. ती खरे तेच सांगायची. पण तो आईचे विचारायचा, बाईंचे विचारायचा नाही, म्हणून दाराआडचा बाईंचा तो प्रश्न त्याच्यापर्यंत गेला नाही.

एका संध्याकाळी तिने सांगितले, "आई मागच्या दारात काकूंशी बोलली."

काकू म्हणजे शेजारीण. "काय बोलली?"

"काकूंनी विचारलं, बरी आहेस ना. आई म्हणाली, हो."

"आणि?"

"आणि आई रडली."

तो उठला आणि मागच्या खोलीत आला. पुढचे मी सगळे सांगणार नाही. त्याने हात उचलला. एक आरसा खाली आला आणि फुटला. थोड्या वेळाने दाराबाहेरून काकूंचा आवाज आला, "काय हो, काय पडलं?" आणि तो गोड आवाजात म्हणाला, "काही नाही, काकू. हिच्या हातून आरसा सुटला." मग बराच वेळ काचा गोळा करण्याचा आवाज येत राहिला. काचा आई गोळा करत होती.

भिंगरी दाराच्या कोपऱ्यात उभी होती. तिने दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड दाबून धरले होते. तिने मारले नव्हते, तिने काही फोडले नव्हते. खरे तेच सांगितले होते. तरी हे सगळे आपल्या तोंडातून बाहेर आले, असे तिला वाटत होते. मित्रांनो, मी लाकडाचा आहे, मला हात नाहीत. नाहीतर तेव्हा मी तिचे ते हात खाली घेतले असते आणि सांगितले असते, हे तू केलेले नाहीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार लागले तेव्हा ते आईने सांगितले. "तू काही केलं नाहीस. ऐकतेस ना? तू नाही, मी नाही." मग छताकडे बघत ती म्हणाली, "बाई म्हणाल्या होत्या, तिथे आले की परत जायचं की नाही ते माझं मी ठरवायचं. मी ठरवलंय. पण आधी तिथवर पोचायला हवं." हे ती भिंगरीला सांगत होती की स्वतःला, मला कळले नाही. त्या संध्याकाळी भिंगरीने वडिलांना सगळे सांगितले: आईने पाणी भरले, काच घासली, मी ठोके ऐकले. एवढे एक वाक्य तिने सांगितले नाही. तिला कुणी विचारले नव्हते.

आणि मग ती दुपार आली. आई काच घासत होती. एकदम ती टेबलाची कड धरून थांबली. पायाशी पाणी सांडले होते. बाळाभोवतीची पाण्याची पिशवी फुटली होती. कळा सुरू झाल्या होत्या.

"अहो," ती दुकानाच्या दारात येऊन म्हणाली, "वेळ झाली. मला घेऊन चला."

आरसेवाल्याने तिच्याकडे पाहिले. तिच्या गालावर अजून निळे होते. "अशी? या तोंडाने?" तो म्हणाला. "आत जाऊन पड. घरातच होईल." त्याने दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसला. बाहेर जायला दुसरा रस्ता नव्हता. मागच्या दाराला त्याने आरसा फुटला त्या संध्याकाळपासून कुलूप घातले होते.

आई पलंगावर पडली. भिंगरीने मला हातात घेतले. बाईंनी शिकवली होती तशी बेंबीच्या वरची जागा तिने बोटांनी शोधली. मी पोटावर टेकलो. बाळ पळत होते. मग कळ आली, पोट दगडासारखे घट्ट झाले आणि पळणारे बाळ चालू लागले. चालता चालता जणू थांबणार असे झाले. कळ ओसरली. ते पुन्हा पळू लागले, पण पहिल्यासारखे नाही. भिंगरीने ते ऐकले. तिचे कान खरेच चांगले होते.

ती दुकानात गेली. "बाबा, ठोके हळू होतायत मधूनच."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"बाई म्हणाल्या होत्या, हळू झाले तर लगेच..."

"बाईंनी अजून काय काय शिकवलं तुला?" तो खुर्चीतून पुढे वाकला. "दमलं असेल बाळ. झोपेल. जा आत."

ती आत आली. पुन्हा कळ आली, पुन्हा ठोके चालू लागले. आईने दात आवळले होते. तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता. त्या घरात तिला आवाज न करण्याची सवय झाली होती. भिंगरीने एकदा आईकडे पाहिले, एकदा दाराकडे पाहिले. मग मला घट्ट छातीशी धरून ती पुन्हा दुकानात गेली.

ती मधोमध उभी राहिली. सगळ्या भिंतींवरून बाप तिच्याकडे बघत होता. सगळ्या भिंतींवरून ती स्वतःही स्वतःकडे बघत होती. तिच्या फ्रॉकमागे तिच्या छातीचे ठोके मला ऐकू येत होते, ते बाळापेक्षाही जोरात पळत होते.

"बाबा," ती म्हणाली, "बाळाचे ठोके बंद झाले."

ते खोटे होते. मला ठाऊक होते आणि तिला ठाऊक होते. तिने मान वळवून समोरच्या आरशात पाहिले. तिचे तोंड वेगळे झाले नव्हते. होते तसेच होते.

आरसेवाला ताडकन उठला. त्याने मला तिच्या हातातून हिसकावले, आत जाऊन आईच्या पोटावर दाबले आणि कान लावला. पण त्याने मला खाली दाबले होते, बेंबीच्या खाली. उलट्या बाळाचे ठोके वर असतात. आणि त्याच्या स्वतःच्या कानात इतके रक्त घुमत होते की मलाही दुसरे काही ऐकू येईना.

"कुठे लावायचं? इथेच ना?" तो ओरडला.

भिंगरी काही बोलली नाही. आईने तिच्याकडे पाहिले. मग आईने आपला हात अलगद पोटाच्या वरच्या बाजूला ठेवला आणि तिथेच ठेवून दिला. तीही काही बोलली नाही. त्या घरात दोघींनी मिळून काही केले, ते पहिल्यांदाच.

आरसेवाल्याचा चेहरा पांढरा झाला. बाळाची काळजी त्यात किती होती, मला सांगता येणार नाही. घरात असे काही झाले तर माणसे येतील, विचारतील, बघतील, ही भीती मात्र मला दिसली. त्याने शटर खाडकन वर केले. "अहो, कुणीतरी गाडी काढा! हिला बरं नाही!" क्षणात तो पुन्हा गल्लीतला भला माणूस झाला. काकू धावत आल्या. त्यांनी आईच्या गालाकडे पाहिले, आरसेवाल्याकडे पाहिले आणि न विचारता गाडीत आईशेजारी जाऊन बसल्या.

प्रसूतिगृहाच्या दारात बाई उभ्या होत्या. भिंगरीने मला त्यांच्या हातात दिले आणि टाचा उंच करून त्यांच्या कानात सांगितले, "आहेत. ठोके आहेत. पण मधून चालतात." बाईंनी मान हलवली. आरसेवाला आत येऊ लागला तेव्हा त्यांनी हात आडवा धरला. "तुम्ही इथेच." दार लागले.

आत डॉक्टर होत्या, दोन नर्स होत्या. मशीन होते, दिवे होते. बाळ बूड पुढे करून येत होते. अशा बाळाला ओढायची घाई करायची नसते. वाट बघायची असते, आणि कुठे हात लावायचा तो क्षण नेमका ओळखायचा असतो. हे शिकावे लागते, आणि तिथे शिकलेली माणसे होती. नाळ गळ्याभोवती होती. बाळ निळे पडून बाहेर आले. डॉक्टरांनी त्याचे नाक-तोंड साफ केले, पाठ चोळली, हवा दिली. मला वाटले, भिंगरीचे ते खोटे आता खरे होते की काय. त्या भीतीइतकी मोठी भीती माझ्या वाट्याला पूर्वी कधी आली नव्हती. मग खोकल्यासारखे काहीतरी झाले, आणि बाळ रडले.

आई तेव्हा ओरडून रडली, मोठ्याने, दार दणाणेल इतक्या मोठ्याने. तिला कुणी गप्प बस म्हटले नाही.

मित्रांनो, आता मी पुन्हा पिशवीत सगळ्यात वर असतो. बाई आधी मशीन लावतात, आकडा बघतात, सगळ्यांना ऐकवतात. मग मला काढतात आणि म्हणतात, "आता कर्णा. सगळे बाहेर." नव्या नर्सनाही त्या हेच शिकवतात. मला घासून पुसून ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या हाती मी कशाला लागतोय! पण कान तुमच्याकडेही आहेत. एखाद्या घरातून रोज काहीतरी फुटल्याचा आवाज येत असेल, एखादे माणूस दुसऱ्याकडे बघून मगच हसत असेल, तर तुमच्या भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि ते घर तुमचेच असेल, तर एवढे ऐकून ठेवा, की तुम्ही ते केलेले नाही.

पण बाळ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे सांगायचे राहिलेच. आई पलंगावर टेकून बसली होती. बाळ तिच्या कुशीत होते. मी शेजारच्या टेबलावर होतो. बाईंनी महिला मदत केंद्रातल्या एका ताईंना बोलावले होते.

"घरी जायचंय का तुम्हाला?" ताईंनी विचारले.

"नाही," आई म्हणाली. स्पष्ट म्हणाली. "मुलांना घेऊन दुसरीकडे राहीन. कडा घासायचं काम येतं मला. पण त्या घरात नाही."

"मग काय काय झालं ते मला सांगाल? सावकाश सांगा. तुम्ही म्हणाल तेवढंच मी लिहीन."

आईने तोंड उघडले. पहिले वाक्य सांगितले. दुसरे सांगितले. मग तिचा आवाज आतच अडकला. इतकी वर्षे गिळलेले एकदम वर येईना.

दार किंचित उघडले. फटीतून आरसेवाला दिसत होता. हातात फुले होती. "भिंगरी," तो गोड आवाजात म्हणाला, "ये बघू बाहेर. आत काय बोलतायत गं? मला सांग."

भिंगरी उभी राहिली. तिने आईकडे पाहिले. आईने तिला जा म्हटले नाही, थांब म्हटले नाही. "तुला वाटेल तसं कर, बाळा," एवढेच ती म्हणाली.

भिंगरी दाराकडे चालू लागली. आरसेवाला हसला. ती दारापाशी पोचली, तिने वडिलांकडे एकदा वर पाहिले, आणि दोन्ही हातांनी दार लोटून बंद केले. मग ती परत आली. आईच्या पायाशी पलंगावर चढून बसली आणि ताईंना म्हणाली, "मी सांगते. मला सगळं आठवतं."